देव झाकून पाहिलेली मालिका

आई, मला तुझा राग आलाय. आज नव्यानं आलाय असं नाही, तू गेलीस तेव्हापासून आहे. परवा मोबाइलवर भुताची एक मालिका लावली आणि डोकं पुन्हा फिरलं, म्हणून लिहायला बसलो. पत्र शुद्ध लिहावं हे तूच शिकवलंस, म्हणून शुद्ध लिहितोय. पण राग आला की मले ते जमत नाही, हे तुले माहीत आहे.

मेहकरची आपली ती दोन खोल्यांची जागा. बाबा लवकर गेले, घरात आपण दोघंच. स्वयंपाकघरातच टीव्ही आणि त्याच्या अगदी समोरच्या भिंतीत देव्हारा, त्यामुळे देवही आपल्यासोबत टीव्ही पाहायचे. आठवड्यातल्या दोन मालिका ठरलेल्या होत्या, एक माझी, एक तुझी. माझी अंतराळयानाची, हिंदीतून बोलणारी, तिच्यातले लोक या ग्रहावरून त्या ग्रहावर नुसते हिंडत असायचे. तू पोळ्या लाटता लाटता तिला नावं ठेवायचीस. “इतक्या दूर गेले, अन् तिथं ना पाणी ना झाड. मंग गेले कायले बे?” मी चिडायचो. तुला कळत नाही म्हणायचो, आणि तरी पुढच्या आठवड्यात त्या कप्तानाचं काय झालं हे आधी तूच विचारायचीस. तुझी मालिका भुताची. तिच्यात एखादी बाई मेणबत्ती घेऊन तळघराकडं निघाली की तू लाटणं उगारून तिच्यावरच ओरडायचीस, “अवं, लाइट लाव न! अंधारात काऊन जाऊन राह्यली?” तेवढ्यासाठी मी तुझी मालिका पाहायचो. भुताला मी कधीच घाबरलो नाही.

ती मालिका लागायच्या आधी तू उठून देव्हाऱ्यावर जुन्या खणाचा पडदा ओढायचीस. मी लहानपणी विचारलं होतं, देव काऊन झाकते? तर डोळे मिचकावून म्हणालीस, “देव पाहून राह्यले असले त भूत घरात येत नाही. मंग मजा कायची?” मालिका संपली की पडदा बाजूला करायचीस आणि देवांची माफी मागून उदबत्ती लावायचीस. मला वाटायचं, ही बाई भुताचीही थट्टा करते आणि देवाचीही. म्हणूनच तर मला तुझा एवढा भरवसा होता.

आणि शाळेतली तू! डोणगावकडच्या शाळेत शिकवायचीस. एकदा मला सुटी होती म्हणून सोबत नेलंस. तू पोरांसमोर कापूर पेटवलास आणि जळता कापूर जिभेवर ठेवलास. पोरी किंचाळल्या. तू तोंड मिटलंस, पुन्हा उघडलंस, जीभ दाखवलीस. “पाह्यलं का? चमत्कार-बिमत्कार काही नसते. कोणी अंगारा देला त घ्याचा नाही. दुखलं-खुपलं त सीधं डॉक्टरकडं जायाचं. काय?” सगळा वर्ग ओरडला, “डॉक्टरकडं!” मीही ओरडलो. परतीच्या बसमध्ये जो भेटेल त्याला सांगत होतो, ही माझी आई आहे.

मग मी कॉलेजात असताना तुझ्या मालिकेत ती सून आली. तिच्यावर कोणी करणी केलेली, छातीत सुया टोचल्यासारखं दुखायचं तिला. ती कळवळायला लागली आणि तुझं लाटणं थांबलं. मी म्हटलं, म्हण न, लाइट लाव म्हणून. तू हसली नाहीस. तव्यावरची पोळी जळली. त्यानंतर तुझं रविवारचं प्रशिक्षण सुरू झालं. मी विश्वास ठेवला. तू प्रशिक्षणाला नाही, मोताळ्याच्या पुढे कुठल्याशा भगताकडे जात होतीस. बुलडाण्याच्या स्टँडवर उतरून बस बदलायचीस. त्या स्टँडबाहेर दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या आहेत, आई! त्या तुला दिसल्या नाहीत? वाचता येत नव्हत्या? आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलंस, आणि तू त्या पाट्यांखालून दुसऱ्या बसमध्ये चढत राहिलीस.

एक दिवस मालिकेची वेळ झाली, तू पडदा ओढायला हात वर केलास आणि तो अर्ध्यातच राहिला. वर जाईना. तेव्हा कुठं सांगितलंस. छातीतली गाठ, काखेतली सूज, पर्समधल्या अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका ना? इतके दिवस काय करत होता?” बाहेर आल्यावर मी लोकांसमोर ओरडलो. जिभेवर कापूर जाळणारी बाई तू, तुले लाज नाही वाटली? तू शांतपणे पदर नीट केलास आणि म्हणालीस, “मले का समजत नव्हतं राजा? पण गाठ असली त कापतेत. भूत असलं त निघून जाते. मले वाटलं, भूतच असावं.”

हे वाक्य मी आजवर तुला माफ केलेलं नाही. अडाणी असतीस तर रडून मोकळा झालो असतो. तुला कळत होतं. कळत असताना तू घाबरलीस आणि भुताच्या मागं लपलीस, अन् मले सांगतलं नाही. एक शब्द नाही! मी शेजारी बसून त्याच मालिका पाहत होतो न? मी नेलं असतं तुले. हात धरून त्या पाट्यांखाली नेलं असतं. भीती वाटते म्हणाली असतीस तर मी काय हसलो असतो? मांगं कोण राह्यते याचा काही विचार?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून टेबलाच्या खणात ठेवणार आहे. तरी एक सांगतो. अंतराळयानाच्या मालिका आता पोरीसोबत पाहतो, त्या अजूनही आवडतात. भुताच्या मालिकेत जीव रमत नाही, पण लावतो. आणि लावायच्या आधी उठून देव्हाऱ्यावर पडदा ओढतो. परवा पोरीनं विचारलंच, “बाबा, देव काऊन झाकले?” धूळ बसते म्हटलं. भूत नसते हे तिले मीच शिकवलंय, तिच्यासमोर दुसरं काय सांगणार? पण देव पाहत असले तर तू यायची नाहीस. म्हणून झाकतो. ये एकदा. मले भांडायचं आहे तुझ्याशी.