सव्वाचार मीटरवरचा कातळ

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. एक, टेकडीखालचा रस्ता चौपदरी होणार आहे. दोन, त्यासाठी मी छत्तीस वर्षांपूर्वी बांधलेली आधारभिंत पाडून थोडी मागे तिप्पट उंच भिंत उभारायची आहे. तीन, जमिनीची तपासणी तुझ्याकडे आहे. चार, तेथे सव्वाचार मीटरवर कातळ असल्याचे माझ्या अहवालात सहीनिशी नमूद आहे. पाच, तरीही तू माझ्या जुन्या छिद्राशेजारी नवे छिद्र पाडणार आहेस, असे तुझ्या आईकडून कळले.

त्या कातळाचा तुकडा कागद उडू नयेत म्हणून आजही माझ्या मेजावर आहे. वडिलांवर अविश्वास क्षम्य आहे. कातळावरचा अविश्वास हा शिक्षणातला दोष समजावा. तुझी आई म्हणते, मुलगी बापावर गेली. मला ते अद्याप मान्य नाही.

तुझा,
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पाच मुद्द्यांपैकी चार मान्य. चौथ्याविषयी लिहायला तीन दिवस लागले.

सव्वाचार मीटरवर यंत्र अडले. मिस्त्री म्हणाला, साहेबांचा कातळ लागला, आता गुंडाळू या. पण कातळ लागला तरी तीन मीटर आत जाऊन खात्री करावी, हे तुम्हीच शिकवलेत. नव्वद सेंटीमीटरवर दगड संपला. खाली मऊ चिकणमाती. हातोड्याच्या चार ठोक्यांत नळी फूटभर उतरली. खरा कातळ अकरा मीटरवर आहे. तुमचा होता तो कधीकाळी टेकडीवरून घरंगळलेला धोंडा. बुटकी भिंत त्याने बिनतक्रार तोलली. नवी मात्र वरच्या घरांना घेऊन रस्त्यावर आली असती. आता पाया अकरा मीटरपर्यंत नेत आहोत.

अहवालात 'पूर्वीच्या नोंदीत तफावत आढळली' एवढेच लिहिले आहे. नाव घातलेले नाही. आईला सांगावे, मी वेळेवर जेवते. हे मात्र तपासायला येऊ नये.

तुमची,
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. निष्कर्ष बिनचूक आहे.

यंत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर जायचे होते. मी दगडात अर्धा मीटर जाऊन समाधान मानले. तीन मीटरांचा नियम मी त्या भिंतीनंतरच शिकवू लागलो. का, हे आजवर कोणाला सांगितले नाही.

मात्र 'तफावत आढळली' हे वाक्य तुला शोभत नाही. कोणाच्या नोंदीत? कशामुळे? तेथे लिही, की मूळ तपासणी अपुरी होती. आणि माझे नाव हुद्द्यासह घाल. पुढचा अभियंता ते पान उघडेल तेव्हा त्याला चूक कळली पाहिजे, आपले घरगुती प्रेम नव्हे.

मेजावरचा तुकडा सोबत पाठवत आहे. तुझी आई हसत म्हणाली, छत्तीस वर्षे मी धोंडा पुसत होते तर. नमुन्यांच्या पेटीत तो सव्वाचार मीटर खोलीच्या खणात, मातीच्या नमुन्याच्या अलीकडे ठेव.

मुलगी बापावर गेलेली नाही, हे तुझ्या आईला सांगितले. ती पुढे गेली आहे.

दुरुस्त पानाची प्रत हवी. फोनवर 'केले हो बाबा' चालणार नाही. लोभ आहेच, उत्तर लेखी पाठवावे.

तुझा,
बाबा