छबूने पाय ओढू दिला नाही

दादा,

आपल्या माणसांचा पाय निखळला तरी मुकादम हळद-तेल चोळून त्यांना पुन्हा कामावर उभं करतो, ही चीड तुम्हाला आणि मला सारखीच आहे. परवा पिंपरीच्या बांधकामावर माझ्या बायकोची, छबूची पाळी आली. घमेलं घेऊन चढताना तिचा पाय दोन फळ्यांत अडकला, अंग फिरलं आणि घोटा निखळून पाऊल बाहेर वळलं. गावचे हाडवैद्य म्हणून मुकादमाने तुम्हाला बोलावलं. तुम्ही पाऊल ओढायला धरलंत, तशी ती ओरडली, “भावजी, वढू नगा! तुमी पाय वढल्यापास्नं सयाजीभाऊ अजून लंगडत्यात. फळीला बांधा अन् पुण्याला न्या.”

मुकादम हसला, “पुढारीणबाईंना मोटार हवी?”

“व्हय, हवी!”

तुम्ही रागाने निघून गेलात. मजुरांच्या सभा मी गाजवतो, पण त्या दिवशी सगळे गडी तिच्या शब्दावर हटून बसले आणि मालाची लॉरी तिला घेऊन पुण्याला निघाली. डॉक्टरांनी भूल देऊन सांधा बसवला, प्लास्टर घातलं. म्हणाले, “हाडही मोडलंय. ओढलं असतं तर शीर चेमटली असती.” माझा ऊर अभिमानाने भरून आला.

तुमचा मान दुखावेल म्हणून हे पत्र टाकवत नाही. तरी मागणं एकच: पुन्हा बोलावणं आलं, तर निखळलेला पाय ओढू नका, आहे तसा फळीला बांधून लॉरीत चढवा.

तुमचा धाकटा,
ज्योतीराम