दत्तू मागे फिरला

घाटकोपर, सोमवार, १९८४

सकाळी शंकराच्या देवळात प्रदक्षिणा घालत होतो. पलीकडून गावचा दत्तू आला, मला पाहिलं आणि मागे फिरला. त्याच्या मुलाशी आमच्या सुमनचं जमवायचं चाललंय. मन बदललं की काय?

संध्याकाळी सुमन नोकरीच्या परीक्षेसाठी कोशातून 'टर्न'चे अर्थ पाठ करत होती. वळणे, फिरणे, परतणे, उलटणे. दत्तूचं यातलं कुठलं? उलटणेच असणार.

मग आठवलं. अभिषेकाचं पाणी जातं ती पन्हळ ओलांडत नाहीत, तिथून सगळेच मागे फिरतात. मीही फिरलोच होतो. पण मग बोलला का नाही? मला पाहून मागे फिरला, हे काही मनातून जाईना.

शेवटी त्याच्या खोलीवर गेलो.

"ये रे! मला वाटलं, मला बघून तूच फिरलास."

सुपारी फोडायची तारीख ठरवूनच उठलो.