हजारची रेंज

सोमवार, ४ मार्च
अख्खा लॉट परत! तीनशे चार्जर, सगळे मी तपासून पास केलेले. पाच व्होल्ट हवेत, फार तर पाच शतांश इकडेतिकडे. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर म्हणतो, आठ शतांश जास्त आहेत. त्याच्या मीटरवर सहा आकडे दिसतात, माझ्या मीटरवर चार. साहेब म्हणाले, "शुक्रवारी तो इथे येतोय. चूक तुमची निघाली तर टेस्टिंगचं टेबल सोडा आणि पॅकिंगला बसा." नऊ वर्षं झाली या टेबलावर. रडले — पण बाथरूममध्ये जाऊन.

मंगळवार, ५ मार्च
पुन्हा वीस चार्जर मोजले. सगळे ठीक. नवरा म्हणाला, "ज्याचे आकडे जास्त, तो मीटर खरा ना?" मनातून मलाही तेच वाटत होतं.

बुधवार, ६ मार्च
पॅकिंगमध्ये गेले, आपली भावी जागा बघायला. तिथल्या मावशी खोक्याला टेप लावता लावता म्हणाल्या, "त्याने रेंज कुठली लावली होती गं?" पॅकिंगमध्ये हा प्रश्न!

घरी येऊन दोन्ही मीटरची माहितीपत्रकं मोबाइलवर शोधून वाचली. बारीक अक्षरं, डोळे गेले. माझ्या मीटरची चूक जे मोजतो त्याच्या हजारात एक — म्हणजे पाच व्होल्टला अर्धा शतांश. त्याच्या मीटरची चूक रेंजच्या, म्हणजे बटणाने ठरवलेल्या कमाल व्होल्टच्या, दहा हजारात एक. रेंज दहाची असेल तर काहीच नाही. हजारची असेल तर दहा शतांश! मग आकडे सहा दिसोत नाहीतर सोळा.

शुक्रवार, ८ मार्च
जिंकले! इन्स्पेक्टरने मीटर लावला. ५.०८. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी रेंजच्या बटणाकडे. हजारवरच! "आमच्याकडे चारशे व्होल्टही मोजावे लागतात, सारखी रेंज कोण बदलत बसणार?" तो म्हणाला. म्हटलं, "एकदा माझ्यासाठी बदला." दहावर आणली — ५.०१. दुसरा चार्जर, ५.०२. दहाव्यानंतर त्याने निमूटपणे कागदावर सही केली. लॉट पास! साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "टेबल तुमचंच." घरी नवऱ्याला सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी तो मध्येच झोपला.

शनिवार, ९ मार्च
मावशींचे आभार मानायला गेले. म्हणाल्या, "दहा वर्षांपूर्वी माझाही लॉट असाच परत आला होता. तुझ्याच टेबलावरून. मीटरचं पत्रक मी नंतर वाचलं, तोवर पॅकिंगला येऊन वर्ष झालं होतं." हात टेप लावतच होते.

सोमवारी साहेबांकडे त्या टेबलाला मावशींसाठी दुसरी खुर्ची मागणार आहे. नाही म्हणाले, तर माझी आहेच.