बाबांची बिनक्लचची गाडी

सोमवार, ४ फेब्रुवारी

गाडी आज शाळेच्या चढावर बसली. आत मुलं. बाबा पाय दाबतायत, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलेना. हलली तर हिसके. शेवटी मुलांना पायी पोचवलं.

मिस्त्री बॉनेट न उघडताच म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. भंगारवाला बघा." दादाने लगेच री ओढली, "मी कधीचा तेच सांगतोय."

विकली की बाबा काय करणार? डाव्या पायात सळई, क्लच दाबता येत नाही. चालवता येते ती ही एकच गाडी. शाळेच्या मुलांची ने-आण गेली की पडून छत बघणं, बस.

मी म्हटलं, मी बघते. दादा हसला. "पदवी फिजिक्सची, आणि बाईसाहेब निघाल्या गिअरबॉक्स खोलायला."

बाबा पाय चोळत बसले होते.

मंगळवार, ५

हिसके आणि गिअर न पकडणं हे दोन वेगळे आजार असू शकतात. मिस्त्रीने एकाच मोळीत बांधून टाकले.

गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी बाबा रोज सकाळी बघतात. इंजिन बंद असताना. पट्टी खुणेपर्यंत भरलेली दिसते, ते समाधानाने परत खोचतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलंय – गाडी फिरवून आणा, इंजिन चालू ठेवून बघा. बंद गाडीत सगळं ऑइल खाली उतरतं, म्हणून कमी असलं तरी पुरेसं वाटतं. तसं करून पाहिलं. पट्टी जवळजवळ कोरडी! टोकाला काळपट थेंब, त्याला करपल्याचा वास.

इतकी वर्षं ते पुस्तक कुणी उघडलं नाही. घरात वाचणारी एकटी मी, आणि चेष्टाही माझीच.

गुरुवार, ७

गिअरबॉक्सची रबरी नळी पाझरत होती. मिस्त्रीकडून नळी बदलून घेतली, नवं ऑइल घालायला लावलं. "ताई, एवढ्या जुन्या गाडीचं ऑइल बदललं की उरलासुरला जीव पण जातो." मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर. आवाज करडा काढला.

गिअर पकडले. मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा होता.

हिसके तसेच.

शुक्रवार, ८

प्रत्येक सिलिंडरवर ठिणगी देणारी एक कॉइल. इंजिन चालू ठेवून एकेकीच्या वायरचा जोड काढत गेले. दुसरीचा काढला तरी इंजिनाला काही फरक पडेना. म्हणजे ठिणगी चुकतेय, ‘मिस’ होतेय, ती तिथेच. मग ती कॉइल तिसऱ्यावर चढवली, तर आता तिसरा मिस मारायला लागला. दोष कॉइलचाच. नवी बसवली.

बाबा शेजारी उभे होते. सगळं नीट समजावून सांगितलं त्यांना. इंजिन इतकं शांत चालतंय की आईने विचारलं, "चालू कधी करणार?"

शनिवार, ९

मुलांच्या घरोघरी जाऊन सांगून आले – सोमवारपासून बाबा परत येणार.

दादा तडकला. "कुणाला विचारून सांगितलंस?" मी म्हटलं, गाडी बाबांची, तुला कशाला विचारू?

सोमवार, ११

सकाळी पुन्हा हिसके. दुसऱ्या कॉइलचा जोड निघालेला. सापडेपर्यंत मुलं दुसऱ्या गाडीने गेली.

मंगळवार, १२

आज परत तेच. तो जोड खटका दाबल्याशिवाय सुटत नाही. कुणाचा तरी हात लागतोय.

बुधवार, १३

जेवताना दादाला सरळ विचारलं. तो पाणी प्यायला, भांडं खाली ठेवलं. "हो, मीच काढला. झालं समाधान?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, बापाच्या पोटावर उठलास. तुला शिकता आलं नाही, त्याचा सूड माझ्यावर उगवतोयस. वहिनी म्हणाली, "वन्सं, पुरे आता." दादा खाली मान घालून जेवत राहिला. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

असा माणूस माझा भाऊ आहे! यापुढे त्याच्याशी बोलणं बंद.

गुरुवार, १४

बाबांनी गाडीपाशी बोलावलं. "जोड मी काढत होतो."

त्यांचा उजवा पाय बधिर होत चाललाय. ब्रेकवर पाय टेकलाय की नाही, ते वाकून बघावं लागतं. आत मुलं असताना. फक्त दादाला हे सांगितलं होतं, आणि घरात कुणाला कळू देणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"तू इतकी राबलीस, बाळ. सगळीकडे सांगूनही आलीस. मग तोंडातून ‘नाही’ निघेना."

मी उठायच्या आत दादा कामावर गेलाय. आला की त्याला म्हणायचंय, गाडी विकायला मीही येते. भंगारात नको देऊ. उत्तम चालते ती.