खणातला कापूस

छत्रपती संभाजीनगर,
१२ जून २०२५

ती. सौ. मंजुताईस,
सुलेखाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, म्हणून पत्र. इकडं सगळे खुशाल. मी मात्र जळतेय ताई, उघडच सांगते.

दवाखान्यात ती पडेगावची राजनंदिनी लागलीय ना, तिला डॉक्टरांनी आतली खुर्ची दिली. दातांचं काम चालू असताना शेजारी बसून डॉक्टरांना मदत करायची ती जागा इतकी वर्षं माझी होती. आता मी बाहेर नंबर पुकारते आणि ही आत एसीत! डॉक्टर गाडीनं घरी सोडतो म्हणतात, तर बाईसाहेब नको म्हणून रिक्षानं जातात. काय तो नखरा! माझ्यासाठी कधी गाडी निघाली नाही.

वर संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की आतून मलाच हाका, की सुलेखाताई, जरा कापूस आणता का. अगं, आतला कापसाचा खण रोज सकाळी मी स्वतः काठोकाठ भरते. हात लांबवला की मिळेल, पण राणीसाहेबांना तो मी उठून द्यायला हवा. मी काय तिची आयाबाई आहे? मी उठत नाही. हल्ली तर दारच ओढून घेते, तो गोड आवाज कानावर नको.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापा. लोभ आहेच, तो माझ्या वाट्याला जरा जास्त ठेव.

तुझी,
सुलेखा

फर्दापूर,
१८ जून २०२५

चि. सौ. सुलेखा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी लई हसले. माझ्या नव्या फ्रॉकवर शाई सांडणारी ती तूच ना! सध्या लेणी बघायला येणारे कमी, दुकानात निवांत असते, म्हणून पत्र पुन्हा वाचलं. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

खण भरलेला असतो म्हणतेस. पेशंटही गेलेला असतो म्हणतेस. मग त्या पोरीला कापूस कशाला लागतो? आणि एवढा थाट करणारी असती तर गाडी का नाकारली असती? बाई गं, तिला कापूस नको असेल, कुणीतरी आत यायला हवं असेल. पुढच्या हाकेला आधी ऊठ. रुसवा नंतर कर.

पोरांना आशीर्वाद, तुला एक धपाटा. रागावले तरी तुझीच,
मंजुषा

छत्रपती संभाजीनगर,
१६ जुलै २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा हाका थांबल्या होत्या.

राजनंदिनीनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं, की पुन्हा अंगाला हात लावलात तर तक्रार करीन. दुसऱ्याच दिवशी तिला काढलं. कारण काय, तर अवजारं नीट धूत नाही. तिनं कलेक्टर ऑफिसात, कामावरच्या बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्थानिक समितीकडं अर्ज दिला, छळाचा आणि सूड म्हणून कामावरून काढल्याचाही. इकडं आतली खुर्ची मला मिळाली. खोटं कशाला बोलू, मी पेढे वाटले. डॉक्टरांनी बजावलं, की समितीपुढं एवढंच सांगायचं, आतून कधी काही ऐकू आलं नाही. मग खुर्ची कायमची तुझी.

त्यानंतर तुझं पत्र हाती पडलं. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्याच खुर्चीत बसून मी खण उघडला. कापूस काठोकाठ होता.

काल समितीपुढं सांगून आले, की प्रत्येक हाक ऐकू यायची. तिच्यावर जळत होते म्हणून उठले नाही, आणि दार मीच ओढून घ्यायचे. खुर्ची गेली, नोकरीही गेलीच समज. त्याचं काही वाटत नाही.

पण मग समितीच्या बाईंनी राजनंदिनीचा आधीचा जबाब वाचून दाखवला. तिनं लिहून दिलं होतं, की बाहेर सुलेखाताई असायच्या, पण बंद दारातून त्यांना ऐकू जात नसणार, नाहीतर त्या धावत आल्या असत्या. ती समोरच बसली होती. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, ताई.

तुझी,
सुलेखा