लांबच्या माणसांना चेहरा नसतो

४ नोव्हेंबर
दुपारी कुंभार पिंपळगावला पोचले. घनसावंगीपासून जीपमध्ये मांडीवर रंगांची पेटी आणि शेजारी बसलेल्या बाईची कोंबडी, दोन्ही! इथले शेतमालक काकासाहेब, त्यांनी शेतातल्या घराची वरची खोली भाडं न घेता दिली. संकोच वाटला, पण नको म्हणाले नाही. खिडकीतून फुटलेला कापूस, सोयाबीन निघालेली काळी रानं, बांधावर एक बाभूळ आणि मेंढरं राखणाऱ्या धुळाजीचं पत्र्याचं खोपट. शाळेतून वीस दिवसांची रजा घेतली आहे. रोज बाहेर बसून रेखाटनं करायची, परतल्यावर त्यांवरून मोठी निसर्गचित्रं. त्रेचाळिसाव्या वर्षी इतका आनंद शोभतो का, कोण जाणे.

६ नोव्हेंबर
धुळाजीची बायको इंद्रायणी दूध घेऊन आली. माझी जुनी चित्रं पाहत बसली. कापूस वेचणाऱ्या बायांवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, यान्ला तोंडंच न्हाईत! माझं काढलं तर तोंड बराबर काढा बरं. न्हाई तर आमचं माणूस वळखंल कसं मला?" मी समजावलं, लांबच्या माणसांना चेहरा काढायचा नसतो, दोन फटकारे पुरतात. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

७ नोव्हेंबर
पहिलं रेखाटन. बाभूळ आभाळ कापत होती म्हणून वगळली. सगळेच चित्रकार असं करतात.

८ नोव्हेंबर
बाभूळ नाही. बुंधा नाही, मातीत खड्डाही नाही. काकासाहेबांनी माझी वही मागून घेतली. एकदा चित्राकडे, एकदा बांधाकडे, बराच वेळ पाहत राहिले.

९ नोव्हेंबर
सकाळी काकासाहेब स्वतः चहा घेऊन वर आले. म्हणाले, "मॅडम, त्या खोपटानं सगळा सीन खराब होऊन राह्यला. बारा वर्षं झाली, धुळाजी उठता उठत न्हाई. तुम्ही काढूच नका की ते." उजवी बाजू खरंच जड वाटत होती. वगळलं.
स्वतःलाच विचारते आहे, बाभळीचं ठाऊक असताना का? रचनेसाठी? फुकटच्या खोलीसाठी? की पुन्हा तसं होतं का ते पाहायला? तिसरं उत्तर खरं आहे.

१० नोव्हेंबर
खोपट नाही. चूल नाही. इंद्रायणी नाही. धुळाजी मेंढरं घेऊन लांब गेला होता. तो परतला आणि मोकळ्या बांधावर उभा राहून तिला हाका मारतो आहे. काकासाहेब त्याला म्हणाले, "कटाळली असंल तुला. गेली." मग त्यांनी तिथे ट्रॅक्टर घातला. वर पाहून मला हात केला.

११ नोव्हेंबर
भर उन्हात बसून आठवून आठवून खोपट परत काढलं. पत्रा, चूल, दारात ती. संध्याकाळी धूर दिसला. खूप रडले.

१२ नोव्हेंबर
इंद्रायणी दूध घेऊन आली. पदर पुढे ओढलेला. तांब्या ठेवला, पदर मागे घेतला—
मी तिला दोन फटकाऱ्यांत काढलं होतं.
कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरं. कागदासारखं.
धुळाजीने तिला काठीने हाकललं. ही माझी बायको न्हाई, न्हाई, असं ओरडत होता. काकासाहेब पोट धरून हसले.

१३ नोव्हेंबर
ती माझ्या जिन्यात बसून आहे. तिचा चेहरा काढायला घेतला. नाक कसं होतं? डोळे? समोर बसून हसली होती— मी पाहिलंच नव्हतं.
पाठ असलेला चेहरा एकच. कॉलेजात आरशासमोर शंभरदा काढलेला. तोच काढला. दुसरं काय करणार—

१४ नोव्हेंबर
वर आली. माझे डोळे. माझं नाक. खालून काकासाहेब तिला मॅडम म्हणाले.
माझी वही घेऊन समोर बसली आहे. काढते आहे.

दुपार
हात माझ्यासारखाच. खिडकी झाली. कॉट. टेबल, त्यावर ही रोजनिशी—
माफी मागितली. ती काढतच राहिली.
आता माझी खुर्ची. पाठ, चार पाय. वर कोणी नाही. माझ्याकडे नीट पाहते, मग कागदाकडे, आणि खुर्ची रिकामीच—
इंद्रायणी, मला काढ, तोंड नसलं तरी चालेल. दोन फटकारे पुरतात. दोनच—